जुळाऱ्याचं मुकं पान

पहाटेपासून वाऱ्यानं उच्छाद मांडला होता. ऊन होतं, आभाळ लख्ख होतं, पण गच्चीवरची दोरी दावं तोडू बघणाऱ्या वासरासारखी हिसके मारत होती. जुळाऱ्यानं ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली, चिमट्यांचा डबा दोन पायांत धरला आणि नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. दोन्ही टोकांना चादरी. चादरींच्या आत टॉवेल. टॉवेलांच्या आत त्याचे सदरे, बायकोचे गाऊन, आणि अगदी मधोमध मोजे, रुमाल, फडकी. मोठं बाहेर, धाकटं आत. एक कपडा दुसऱ्याच्या हद्दीत गेलेला त्याला खपायचा नाही.

"अहो, कपडे वाळत घालताय की पुस्तक छापताय?" पलीकडच्या गच्चीवरून शेजारीणबाई ओरडल्या. गेली पंचवीस वर्षं त्या हेच ओरडत होत्या.

"एक मिनिट," जुळारी म्हणाला आणि वाकडा चिमटा सरळ केला.

हे 'एक मिनिट' त्याच्या जिभेला कायमचं चिकटलेलं होतं. दारात कुणी आलं, एक मिनिट. पानं वाढली, एक मिनिट. गल्लीतली पोरं पाठीमागे त्याला 'एकमिनिट' म्हणायची आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नाव पाडलं होतं त्याच्या स्वतःच्या मुलीनं. मुलगी जाऊन एकोणीस वर्षं झाली. नाव मागं राहिलं.

कपडे घालायला त्याला अर्धा तास लागायचा. दुसरा कुणी दहा मिनिटांत उरकून खाली आला असता. पण बायको कधी म्हणाली नाही की बाई गं, केवढा हा वेळ! उलट सकाळी बादली भरली की तीच म्हणायची, "जा, निवांत घाला. घाई नाही काही." एवढ्या वर्षांत त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

जुळारी हा त्याचा मूळ धंदा. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, ओळ भरायची, ओळीवर ओळ रचून लोखंडी चौकटीत पान आवळायचं. जिथं अक्षर नाही तिथं कोरा खिळा घालायचा. कोऱ्या खिळ्याला शाई लागत नाही, कागदावर तो दिसत नाही, पण तो काढला तर अख्खी ओळ लुळी पडते. त्याचा म्हातारा उस्ताद म्हणायचा, "जुळारी ओळखावा तो कोऱ्या खिळ्यावरून. अक्षरं काय, कुणीही लावतो."

मग छापखाना बंद पडला. खिळे वजनावर भंगारात गेले आणि चाळिशी ओलांडलेला जुळारी रिकाम्या हातांनी घरी बसला. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तिच्या जिवावर घर चालायचं. ती काही बोलायची नाही. तो मात्र दिवसभर टेबलावरचे चमचे एका ओळीत लावत बसायचा. अखेर तिनंच त्याला हाताला धरून वाचनालयात नेलं. तिथं नुकताच संगणक आला होता आणि वेबसाइट नावाचं काहीतरी करायचं चाललं होतं. एचटीएमएल कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जुळाऱ्यानं पडद्यावरचे ते टोकदार कंस पाहिले, अक्षरांच्या आधी एक, नंतर एक, आणि त्याच्या बोटांना आपोआप हालचाल सुटली. "हे तर खिळेच आहेत की," तो म्हणाला.

तिथून त्याचे दिवस पालटले. वाचनालयाची पानं त्यानं केली, मग पोहण्याच्या क्लबची, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची, वाद्यं विकणाऱ्या दुकानाची. शनिवारी तो वाचनालयात वर्ग घ्यायचा. त्याचे नियम पोरांना तोंडपाठ असायचे. टॅग, म्हणजे कंसातली खूण, उघडलात, तर बंद करा. दार उघडं टाकून घराबाहेर पडता का? आतला टॅग दोन पावलं आत लिहा, म्हणजे कोण कुणाच्या पोटात आहे ते कळतं. फाइलींची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. फोटोची लांबी-रुंदी आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोटो उशिरा येतो आणि वाचत असलेल्या माणसाला धक्का मारून खाली ढकलतो. पान हलकं ठेवा, समोरचा बिचारा फोनच्या तारेवर ताटकळलेला असतो. आणि लुकलुकणारी अक्षरं वापरलीत तर कान धरून बाहेर काढीन.

सगळ्यात कडक नियम फोटोंचा होता. प्रत्येक फोटोच्या टॅगमध्ये तो फोटो शब्दांत सांगायची एक जागा असते. पडद्यावर ती एरवी दिसत नाही. फोटो आला नाही, किंवा बघणाऱ्याला दिसत नसेल, तर ते शब्द कामाला येतात. जुळारी त्या जागेला 'तोंड' म्हणायचा. "फोटोला तोंड दिलं का?" असं विचारत तो रांगेतून फिरायचा. ज्यानं दिलं नसेल त्याला म्हणायचा, "मुकं पोर जन्माला घातलंस रे!"

त्या वर्गातली सगळ्यात धांदरट मुलगी आता त्याच वाचनालयात ग्रंथपाल झाली होती, आणि आज ती घरी येणार होती.

जुळारी रिकामी बादली घेऊन खाली आला तेव्हा ती येऊन बसलीसुद्धा होती. संगणकासमोर ग्रंथपाल, शेजारच्या खुर्चीत बायको. बायकोची नजर काचबिंदूनं हळूहळू कातरत आणली होती; आठ महिन्यांपूर्वी उरलासुरला उजेडही गेला. आता ती घरात भिंतीला बोटं लावून चालायची, आणि दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालताना म्हणायची, "मेलेल्या झाडाला पाणी कशाला घालताय?"

"सर, बसा. आज मी शिकवते, तुम्ही गप्प बसायचं," ग्रंथपाल म्हणाली. तिनं संगणकात पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला होता. कळ दाबली तशी एक बाई बोलायला लागली.

"ही कोण गं?" बायको म्हणाली. "सर्दी झालीये का हिला?"

"मशीन आहे, काकू."

"आमच्या एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती. वाक्य संपलं तरी श्वास घेत नाही."

ग्रंथपालनं वाचनालयाचं जुनं पान लावलं. मशीनबाईनं ते सुतासारखं वाचलं: मथळा, वेळा, नियम, आणि फोटो आला तिथं, "वाचनालयाचं मोठं दालन, लांब टेबलं, खिडकीपाशी वाचत बसलेले दोन म्हातारे."

"बघा," ग्रंथपाल म्हणाली, "एवढ्या वर्षांत सगळं बदललं, पण हे पान मी हलवू दिलं नाही कुणाला. तुम्ही प्रत्येक फोटोला तोंड दिलंय सर. आत्ताची पोरं देत नाहीत."

जुळाऱ्याची छाती दोन बोटं वर आली. बायको मात्र कळांवरून बोटं फिरवत होती. सव्वीस वर्षं बोर्डवर काम केलेली बोटं ती, डोळे गेले तरी रस्ता विसरली नव्हती. ग्रंथपाल चहा पिऊन गेली. दार लागल्याचा आवाज आला, पायऱ्यांवरची पावलं विरली, आणि बायकोनं न अडखळता एक लांबलचक पत्ता टाइप केला.

जुळारी जागच्या जागी थिजला.

तो पत्ता जगात फक्त त्याला ठाऊक होता, असं तो समजत होता. त्यांची मुलगी टिंब गेली त्या महिन्यात त्यानं ते पान केलं होतं आणि वाचनालयाच्या सर्व्हरच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलं होतं. कुठूनही तिथं लिंक जात नव्हती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून त्यानं तिचं नाव टिंब ठेवलं होतं. सतराव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत खेळ आटोपला. पान करून झालं, बायकोला एकदा दाखवलं, आणि त्यानंतर तो तिकडं फिरकला नाही. घरात तिचं नाव काढायचंही त्यानं सोडलं. कुणी काढलं तर उठून जायचा.

"अगं, हे कशाला..."

"गप्प बसा. ऐकू द्या."

मशीनबाई बोलायला लागली.

"टेबल. तीन स्तंभ, सतरा ओळी. कोरा डॉट जीआयएफ. कोरा डॉट जीआयएफ. कोरा डॉट जीआयएफ."

बायकोनं मान वळवली. "हे काय बडबडतेय?"

जुळाऱ्याच्या कानशिलांना ऊब आली. छापखान्याची खोड गेली नव्हती त्याची. पान पडद्यावर जिथल्या तिथं बसावं म्हणून त्यानं सगळं टेबलात आवळलं होतं, लोखंडी चौकटीत आवळावं तसं, आणि मोकळ्या जागा धरून ठेवायला एक ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र ताणून ताणून बसवलं होतं. त्या चित्राचं नाव त्यानं ठेवलं होतं 'कोरा'. एकोणीस वर्षं कुणालाही न दिसलेला कोरा खिळा आता स्वतःचं नाव सांगत सुटला होता.

मग मजकूर आला. पानाच्या डाव्या स्तंभात टिंबचं पत्र होतं, बारा वर्षांची असताना पोहण्याच्या शिबिरातून आईला लिहिलेलं. उजव्या स्तंभात जुळाऱ्यानं लिहिलेली तिच्या आजारपणाची हकीकत. दोन्ही चौदा-चौदा ओळींची. दोन्हीकडच्या ओळी समोरासमोर याव्यात म्हणून त्यानं एकेक ओळ तोडून वेगळ्या घरात बसवली होती. डोळ्यांना ते सुरेख दिसायचं. मशीनबाईला डोळे नव्हते. ती डावीकडून उजवीकडं सरळ वाचत गेली.

"प्रिय आई, इथलं पाणी फार गार आहे. बुधवारी सकाळी अंगात ताप होता. मी आज नाक न धरता उडी मारली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. सगळ्या मुली ओरडल्या, पुन्हा, पुन्हा. शुक्रवारी श्वास लागायला लागला. तू असतीस तर घाबरली असतीस. तिला रात्री हलवलं. मी अजिबात घाबरले नाही."

बायकोचा हात टेबलावर काहीतरी शोधत फिरला. पण कळ सापडली नाही. "बंद करा," ती म्हणाली. "अहो, बंद करा ते!"

त्यानं बंद केलं. ती उठली, भिंत धरून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

जुळारी पडद्याकडं पाहत बसला. पानाच्या तळाशी त्यानं त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मोजणी लावली होती: हे पान इतक्या वेळा उघडलं गेलं. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. सहा हजार सहाशे एक्याऐंशी.

तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. "अगं, त्या पानावर कुणीतरी येतं. साडेसहा हजारांहून जास्त वेळा येऊन गेलंय."

भांड्यांचा आवाज थांबला.

"कुणीतरी कोण येणार?" ती म्हणाली. "मीच ती."

"तू? कधी?"

"रोज सकाळी. तुम्ही कपडे घालायला वर गेलात की. जिन्यावर पाऊल वाजलं की बंद करायचे." तिनं हात पुसले. "तुमच्यासमोर तिचं नाव काढायची सोय नव्हती. मग काय करणार? अर्धा तास मिळायचा. पत्र वाचायचं, सात फोटो बघायचे. आठ महिने झाले, तेवढंही नाही."

गच्चीवर तो मोजे रुमालांच्या शेजारी नीट लावत असे, आणि खाली हे चाललेलं असे.

"मी वाचून दाखवतो रोज," तो कसाबसा म्हणाला.

"नको. तुम्ही मधलं गाळता. माझं मला ऐकायचंय, एकटीला." मग हातातल्या फडक्याची घडी करून, "होईल का दुरुस्त?"

"एक मि..." तो बोलता बोलता थांबला. "होईल," म्हणाला.

त्या दुपारपासून त्यानं पान खोलायला घेतलं. हात चालायला लागला तसा जीव थोडा ताळ्यावर आला. आपल्याच हातानं आवळलेली चौकट तो सैल करत गेला. कोरे खिळे उपटून फेकले, एकशे बारा निघाले. टेबल काढून टाकलं. तोडलेल्या ओळी सांधल्या, पत्र आधी, सलग. हकीकत नंतर, सलग. दोन्हींना आपापले मथळे. वर्गात पोरांना शिकवलेलं सगळं त्यानं इथंच मोडलं होतं, हे त्याला पावलोपावली दिसत होतं. दोन टॅग उघडेच राहिलेले होते. त्याचे! दुसऱ्या कुणाच्या पानात सापडले असते तर त्यानं भर वर्गात वही फडकावली असती. ते पान त्यानं कुठल्या अवस्थेत केलं होतं, ते त्या दोन उघड्या टॅगांवरून त्याला आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मजकूर वाहता झाला. त्यानं ऐकून पाहिला. मशीनबाईनं टिंबचं पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं, आणि मग हकीकत. मग म्हणाली, "एक डॉट जेपीजी. दोन डॉट जेपीजी. तीन डॉट जेपीजी."

सातही फोटो मुके होते. घड्याळवाल्याच्या दुकानातल्या लंबकाला ज्यानं तोंड दिलं, त्यानं स्वतःच्या मुलीला दिलं नव्हतं.

"झालं का?" बायकोनं आतून विचारलं.

"फोटो राहिलेत."

ती येऊन शेजारी बसली. "लिहा मग. काय लिहिताय ते मोठ्यानं म्हणा."

तोंड द्यायचं म्हणजे आधी फोटोकडं बघायला हवं. जुळाऱ्यानं पहिला फोटो उघडला, अर्धवट नजरेनं पाहिला आणि घाईनं टाइप केलं. "मुलीचा फोटो."

"असं?" बायको म्हणाली. "मी सव्वीस वर्षं फोन जोडले. 'कुणीतरी बोलतंय, घ्या' असं सांगून जोडला असता तर चाललं असतं का? कोण आहे, कुठून आहे, सांगा की नीट!"

त्यानं पुसलं आणि पुन्हा पाहिलं. या वेळी डोळे उघडे ठेवून. "टिंब, चार वर्षांची, उलट्या बादलीवर बसलेली. एका पायात आईची चप्पल."

"डाव्या."

"डाव्या," त्यानं दुरुस्त केलं. ते नाव किती वर्षांनी तोंडातून बाहेर पडलं होतं. जिभेला ते परकं लागलं.

दुसरा, तिसरा. पोहण्याची टोपी घातलेली टिंब, कान बाहेर आलेले. पडलेल्या दाताची फट दाखवणारी टिंब. बायको मधेमधे भर घालायची: फ्रॉक पिवळा नाही हो, फिकट हिरवा, ते ओरखडे मांजराचे. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत रोज बघितलेले फोटो ते, तिला आंधळेपणी त्याच्यापेक्षा जास्त दिसत होते. पाचव्या फोटोत टिंब दोन्ही गाल फुगवून शेजारीणबाईंची नक्कल करत होती. "कपडे घालताय की पुस्तक छापताय!" बायकोनं हुबेहूब आवाज काढला आणि दोघंही हसली. एकोणीस वर्षांत त्या घरात टिंबवरून कुणी हसलं नव्हतं. हसू ओसरल्यावर दोघांना पुढं काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं सहावा उघडला आणि तोही उरकला.

सातवा उघडला आणि त्याचा हात कळांवरच राहिला.

"काय आहे त्यात?" बायकोनं विचारलं.

"टिंब," तो म्हणाला. "चहाचा कप घेऊन उभी आहे. हसते आहे." आणि भराभरा तेवढंच लिहून टाकलं.

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

"हात?"

"कुठला हात?"

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो फोटो मी काढलाय."

खिडकीची झडप वाऱ्यानं आपटत होती. त्यानं उठून ती लावली, कडी घातली आणि परत येऊन बसला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही.

फोटोत तो स्वतः होता. पाठमोरा, संगणकासमोर वाकलेला. पोहण्याच्या क्लबचं पान त्या संध्याकाळी इंटरनेटवर चढवायचं होतं. त्याचा डावा हात खांद्याच्या वर उचललेला, पंजा मागं वळवलेला. आणि त्या पंजापासून दोन हातांवर टिंब, कप धरून. हसत नव्हती. त्या घरात 'एक मिनिट' सांगणारा तो हात सगळ्यांच्या ओळखीचा होता. बायकोनं गंमत म्हणूनच कॅमेरा उचलला होता, बघा, आमचे एकमिनिट! फोटो मंगळवारचा होता. ताप आला बुधवारी.

"तुमची हकीकत बुधवारपासून सुरू होते," बायको म्हणाली. "मी रोज वाचायचे. रोज म्हणायचे, हा माणूस मंगळवार कुठं ठेवून आला?"

जुळाऱ्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती म्हणाली होती, बाबा, जरा बघता का. मी म्हटलं, एक मिनिट, एवढं टेबल बंद करतो. आतल्या टेबलात एक टेबल होतं, त्याच्या आत आणखी एक. कुठलं बंद झालं नव्हतं ते सापडत नव्हतं मला. सापडलं आणि मागं वळलो, तर कप कोपऱ्यावर ठेवलेला. साय धरली होती चहावर. ती जाऊन झोपली होती." तो तिच्याकडं वळला. "काय सांगायला आली होती गं ती? तुला बोलली होती का काही? अंग दुखत होतं का तिचं तेव्हाच?"

हा प्रश्न त्यानं एकोणीस वर्षं कुणालाही विचारला नव्हता. बायकोनं टेबलावरचा त्याचा चष्मा चाचपून त्याच्या हाताशी सरकवला.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा द्यायला आली होती. बाकी काही नाही."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या आवाजावरून काही कळायची सोय नव्हती. सगळ्या गावाच्या बऱ्यावाईट बातम्या एकाच सुरात जोडून दिलेली बाई ती. खरं सांगतेय की त्याच्यावर पांघरूण घालतेय, हे ओळखणं त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीही जमलं नव्हतं. आणि तिचे डोळे तर आता कुणालाच काही सांगत नव्हते.

"लिहा," ती म्हणाली. "नीट लिहा. मी नंतर ऐकेन." आणि उठून गेली.

तो अंधार पडेपर्यंत त्या एका ओळीपाशी बसला. लिहिलं, पुसलं. 'वडील कामात आहेत' असं लिहिलं, ते पुसलं. 'वडिलांचं लक्ष नाही', तेही पुसलं. त्याचा उस्ताद म्हणायचा त्यातलं पहिल्यांदाच काही उलटं वाटलं त्याला. कोरं ठेवणं सोपं होतं, अक्षरं लावणंच कठीण. शेवटी वर्गात पोरांना सांगायचा तसं त्यानं केलं: जे दिसतं तेवढं सांगा, आपल्या पदरचं घालू नका, जे दिसतं त्यातलं चोरू नका. मग हकीकतीत वर जाऊन बुधवारच्या आधी मंगळवारची एक ओळ घातली. दोन्ही उघडे टॅग बंद केले. पान चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा होताच. कपडे धुवून झाले होते, बादली दाराशी भरून ठेवलेली होती. बायको संगणकासमोर बसली होती, हात मांडीवर.

"झालं?"

"झालं. खालच्या बाणाची कळ दाबत गेलीस की पुढचं पुढचं वाचेल. थांबवायचं तर डावीकडची, कोपऱ्यातली."

"कळलं." तिनं बोटांनी दोन्ही कळा चाचपल्या. "कपडे राहिलेत हो."

"हो, जातो."

त्यानं बादली उचलली. दाराबाहेर चप्पल घालायला वाकला तेव्हा आतून पत्ता टाइप केल्याचा टकटकाट आला आणि मशीनबाईनं श्वास न घेता सुरुवात केली. त्यानं निघून जायला हवं होतं. पायरीवर पाय ठेवून तो उभा राहिला. पत्र झालं. मंगळवारची ओळ झाली, मग बुधवार, मग शुक्रवार. आठ दिवस संपले. बादली, चप्पल, पोहण्याची टोपी, फुगवलेले गाल. मग मशीनबाई त्याच एका सुरात म्हणाली:

"बाबा संगणकासमोर, पाठमोरे. डावा हात वर, पंजा मागं वळवलेला. मागं टिंब, हातात चहाचा कप. ती थांबली आहे."

आत काही हाललं नाही. मग कळ वाजली, आणि मशीनबाईनं तीच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा कळ.

जुळारी पावलं न वाजवता जिना चढला. वर दोरी हिसके देत होती. पलीकडं शेजारीणबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या, त्यांनी तोंड उघडलं, त्याच्याकडं पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. त्यानं चिमट्यांचा डबा दोन पायांत धरला, पहिली चादर झटकली, वाऱ्यानं ती त्याच्या तोंडावर आणून लपेटली, तशी तिच्यात चेहरा ठेवून तो जरा वेळ उभा राहिला. मग चादर सोडवली, टोकाला लावली, दोन चिमटे. मग टॉवेल. तिला अर्धा तास मिळायला हवा होता, म्हणून मोजे त्यानं एकेक करून घातले.